सुसाट इंजिन माथेरानच्या चालीवर

हे प्रकरण वीतभराहून थोड्या लांब इंजिनाचं आहे. बागेतल्या रुळांवर खऱ्या वाफेवर चालणारं, ब्यूटेन गॅसवर पाणी तापवणारं, दोन सिलिंडर आणि चार चाकांचं. मालक मूळचे नेरळचे, आता निवृत्त, इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये स्थायिक. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. इंजिन त्यांनी जुनं विकत घेतलं होतं आणि तक्रार एका वाक्यात मावणारी होती: रेग्युलेटर (सिलिंडरकडे जाणारी वाफ कमी-जास्त करणारी मूठ) उघडत नेला तरी बराच वेळ हलत नाही, आणि हललं की आवरत नाही.

"अरे, ही गाडी आहे की उंदीर?" असं काका म्हणाले तेव्हा इंजिन वळणावरून उडून वाफ्यात आडवं पडलं होतं, आणि ते चामड्याचा हातमोजा चढवून त्याचा गॅस बंद करत होते.

बागेतल्या वाफेच्या गाड्यांचा हा नेहमीचा रोग. सल्लेही नेहमीचेच मिळतात: गॅस बारीक ठेवा, रेग्युलेटर हळू उघडा, मागे चार डबे जोडा. काकांचं यातलं सगळं करून झालं होतं. गॅस बारीक केला की इंजिन हलायचंच नाही. डबे जोडले की ते डब्यांसकट पळायचं.

हळू म्हणजे नक्की किती

आधी आकडा ठरवला, कारण "जरा सावकाश" याला काही अर्थ नसतो. काकांच्या मनात चाल होती ती माथेरानच्या गाडीची. नेरळ–माथेरान मार्ग 1907 साली सुरू झाला, आदमजी पीरभॉय घराण्याच्या पैशातून. रूळ दोन फुटी, चढ काही ठिकाणी वीसास एक. जेमतेम 21 किलोमीटरला गाडी दोन तासांहून जास्त वेळ घेते, म्हणजे सरासरी ताशी 9–10 किलोमीटर. वाफेची इंजिनं तिथे 1982 पर्यंत धावली. काकांच्या कानात तीच भकभक बसलेली आहे.

(इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय काका पाहुण्याला चहा देत नाहीत. माथेरानच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीच्या इंजिनांची आखणी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश रेल्वे इंजिनिअरची. बार्शी लाइट रेल्वे त्याचीच. आणि स्टॅफर्डशायरच्या डोंगरातली लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेही त्याचीच. ती 1904 ते 1934 चालली आणि आता तिच्या जागी पायवाट आहे. माथेरानचं 740 क्रमांकाचं इंजिन पुढे इंग्लंडातच आलं. काकांचं स्वतःचं इंजिन यांपैकी कुणासारखंच दिसत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. त्यांना हवी आहे ती फक्त चाल.)

बागेतल्या या प्रकाराला 16 मिलिमीटर स्केल म्हणतात. खऱ्या एका फुटाला 16 मिलिमीटर, म्हणजे दोन फुटी रूळ 32 मिलिमीटरचे होतात. प्रमाण एकास 19. ताशी 10 किलोमीटरला 19 ने भागलं की सेकंदाला साधारण 15 सेंटिमीटर येतात. काकांचा रुळांचा फेरा 18 मीटरचा, म्हणजे एक फेरी दोन मिनिटांत पूर्ण व्हायला हवी. प्रत्यक्षात ती वीसेक सेकंदांत होत होती. खऱ्या गाडीच्या हिशोबात ताशी साठच्या वर! माथेरानच्या घाटात साठ.

चाकांच्या फेऱ्या मात्र आकाराबरोबर कमी होत नाहीत. गाडी 19 पट लहान, चाक 19 पट लहान, वेगही 19 पट कमी. त्यामुळे खऱ्या इंजिनाचं चाक सेकंदाला जितक्या फेऱ्या घेतं तितक्याच छोट्यानेही घ्यायच्या. हे लक्षात ठेवायला फार सोयीचं आहे. दोन सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीला चार भकभक. जुन्या गाडीच्या भकभकीचा ताल ज्याच्या कानात आहे, त्याला घड्याळाची गरज पडत नाही. काका डोळे मिटून सांगायचे, "अजून फास्ट आहे."

छोटं इंजिन पळतंच का

हिशोब मांडला की इंजिनाचा राग येईनासा होतो. लांबी 19 पट घटली की वजन 19 गुणिले 19 गुणिले 19, म्हणजे 6,859 पट घटतं. चौदा टनांचं इंजिन दोन किलोंचं होतं. पिस्टनचं क्षेत्रफळ मात्र फक्त 361 पट घटतं. मोठ्या इंजिनाच्या बॉयलरात 140 पीएसआयच्या (चौरस इंचाला इतके पौंड) आसपास दाब, या छोट्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह 40 ला उडतो. सिलिंडर प्रमाणशीर धरले तर हे चिमुकलं इंजिन स्वतःच्या वजनाच्या मानाने खऱ्यापेक्षा सुमारे पाच पट ताकदवान निघतं. अंगात पाच पट जोर आणि पुढे ओढायला तीन हलके डबे.

दुसरी बाजू जडत्वाची. गतिज ऊर्जा वजन आणि वेगाचा वर्ग यांवर ठरते, म्हणून ती 19 च्या पाचव्या घाताने कमी होते, जवळजवळ 25 लाख पटींनी. खरी गाडी ताशी 12 किलोमीटरवर वाफ तोडली तर सपाटीवर पन्नासेक मीटर सहज घरंगळते. त्याच प्रमाणात छोटी गाडी तीन मीटर जायला हवी. घर्षणाचा गुणांक दोघांना सारखा धरला तरी ती जाते 15 सेंटिमीटर, आणि छोट्या बेअरिंगांचं घर्षण सारखं नसतंच, जास्तच असतं. जडत्व नाही म्हणून वेग अंगात मुरत नाही. रुळाच्या प्रत्येक जोडावर, वाफेच्या प्रत्येक उसळीवर तो वरखाली होतो.

त्यात या इंजिनाची रचनाही साधी. दिशा बदलायला पूर्ण व्हॉल्व्ह गिअर, म्हणजे वाफेच्या झडपा हलवणारी दांड्यांची यंत्रणा, नाही. वाफेची आत जायची आणि बाहेर पडायची वाट यांची अदलाबदल करणारा एक छोटा व्हॉल्व्ह आहे. अशा रचनेत सिलिंडरवरच्या सरकत्या झडपेला (स्लाइड व्हॉल्व्हला) लॅप, म्हणजे वाफ लवकर तोडणारी जादा कड, ठेवता येत नाही, म्हणून वाफ जवळजवळ पूर्ण स्ट्रोकभर सिलिंडरमध्ये शिरत राहते. मोठ्या इंजिनाचा ड्रायव्हर गाडी सुटली की लिव्हर मधोमध आणत वाफ लवकर तोडतो. इथे ती सोय नाही. हातात आहे तो फक्त रेग्युलेटर.

टेबलावरची तपासणी

सगळ्यात जास्त वेळ इथे दिला आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच झाला.

इंजिन थंड असताना उलटं करून मऊ फडक्यावर ठेवलं आणि चाक बोटाने अगदी सावकाश फिरवलं. एका चाकाच्या कडेला मार्करने ठिपका काढला होता. फेरीत एका ठिकाणी बोटाला किंचित अडकल्यासारखं जाणवायचं, ठिपका घड्याळातल्या साताच्या जागी आला की दर वेळी. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. भिंग लावल्यावर दिसलं: त्या जागी एका बाजूचा कपलिंग रॉड (पुढचं-मागचं चाक जोडणारा दांडा) चाकावरच्या खुंटीवर, क्रँक पिनवर, किंचित वर उचलला जात होता, केसाएवढा.

मग एअरब्रशचा छोटा कॉम्प्रेसर लावून इंजिन हवेवर चालवलं. वाफेपेक्षा हवेवर निदान सोपं. भाजत नाही, पाणी साठत नाही, गेजवर दाब नीट वाचता येतो. दाब हळूहळू वाढवत नेला. इंजिन सुटलं ते 20 पीएसआयला. सुटल्यावर दाब कमी करत आणला, तर 8 पर्यंत ते चालत राहिलं.

या दोन आकड्यांमधलं अंतर हाच सगळा आजार. सुटायला 20 लागतात, चालायला 8 पुरतात. काका रेग्युलेटर उघडत नेतात, इंजिन हलत नाही, म्हणून आणखी उघडतात. 20 झाले की ते सुटतं, आणि त्या क्षणी वरचे 12 पीएसआय नुसते पळण्यात खर्च होतात. हात कितीही हलका असो, माणसाला ते मागे घेता येत नाहीत. गॅस बारीक केला की बॉयलर 20 पर्यंत पोचतच नाही, म्हणजे इंजिन जागचं हलत नाही. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच निघालं.

माझं मत इथे पक्कं झालं: इंजिन हळू चालवायचं तर आधी ते पूर्ण मोकळं फिरलं पाहिजे. लोक उलटं करतात. पळतंय म्हणून कुठेतरी आवळतात, ग्लँड (दांड्याभोवतीची वाफ अडवणारी पॅकिंगची जागा) कसतात, घट्ट बसवतात. याही इंजिनाच्या आधीच्या कुणा मालकाने पिस्टन रॉडचे ग्लँड नट पान्याने करकचून आवळलेले होते. वाफ गळते म्हणून आवळले असतील, किंवा ब्रेक म्हणून. जुनं, कडक झालेलं पॅकिंग काढून ग्रॅफाइटचा नवा दोरा भरला आणि नट बोटानेच बसवले, थोडी वाफ झिरपली तर झिरपू दे म्हणून. कपलिंग रॉडचं एक भोक रीमरने किंचित मोकळं केलं. छोट्या इंजिनाच्या कपलिंग रॉडला थोडा ढिलेपणा लागतोच. तिथे घड्याळजीची नेटकी बसवणी केली की चाकं एकमेकांशी भांडतात. मोकळ्या हाताने वंगण केलं.

पुन्हा हवेवर: सुटण्याचा दाब 9, चालण्याचा 6.

बागेत नेल्यावर एकटं इंजिन आधीपेक्षाही जोरात धावलं. काकांचा चेहरा पडला. "हे तर आणखीच सुटलंय रे." तसं होणारच होतं, घर्षण कमी केलं होतं. पण आता रेग्युलेटर जरा मागे घेतला की ते खरोखर मंद व्हायचं, आणि मंद होऊनही थांबायचं नाही. आधी हे घडत नव्हतं.

आच आणि वाफ

गॅसच्या बाबतीत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. या इंजिनात गॅसची टाकी केबिनमध्ये, बॉयलरच्या तापलेल्या पाठीला जवळजवळ चिकटून आहे. ब्यूटेनचा दाब तापमानाप्रमाणे झपाट्याने बदलतो: 10 अंशांना हवेच्या दाबाच्या वर जेमतेम अर्धा बार, 40 अंशांना पावणेतीन बार. इंग्लंडातल्या गार सकाळी आच नीट बेतून गाडी सोडली की दहा मिनिटांत टाकी तापते आणि तीच खूण, तीच नॉबची जागा, पण ज्योत दुप्पट जोरात. गाडी "आपोआप" वेगाने पळू लागते ती अशी. टाकी आणि बॉयलर यांच्यामध्ये कॉर्कचा पातळ तुकडा सरकवला. टाकी पूर्ण गारही पडून चालत नाही, नाहीतर आच मरते, म्हणून तुकडा अर्ध्या उंचीचाच ठेवला. इंजिन मोकळं झालेलं असल्याने आता 15 ते 20 पीएसआयवर सगळं काम भागायला लागलं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसायचा थांबला. त्या व्हॉल्व्हला मात्र कुणीही हात लावला नाही, आणि लावूही नये. दाब कमी ठेवायचा तो आचेने.

सुरुवातीच्या उडीचं आणखी एक कारण पाणी. थंड सिलिंडरमध्ये पहिली वाफ शिरते तीच मुळी पाणी होते. पिस्टनपुढे पाणी अडलं की इंजिन अडतं. ते धुराड्यातून तेलकट पिचकारी होऊन बाहेर पडलं की इंजिन एकदम मोकळं होऊन झेपावतं. त्यामुळे काकांनी आता सवयच लावून घेतली आहे: सुटण्याआधी इंजिन हाताने पुढे-मागे थोडं ढकलायचं, दिशा बदलत, पिचकारी संपून कोरडी वाफ दिसेपर्यंत. चेहरा लांब ठेवून.

रेग्युलेटर

मूळ रेग्युलेटरची मूठ वाटाण्याएवढी, तापलेली, आणि बंद ते पूर्ण उघड हा सगळा प्रवास पाव वळशाचा. त्यावर पितळेचा साठ मिलिमीटरचा दांडा बसवला, टोकाला लाकडी बोंड. वळसा तोच, पण बोटाचा प्रवास कितीतरी लांब. केबिनच्या छतातून दांडा बाहेर डोकावतो, दिसायला ओबडधोबड आहे. काकांनी तो हिरवा रंगवला, म्हणजे झुडपांत दिसत नाही.

त्यानंतर आतली सुई. तिचं टोक बोथट होतं, त्यामुळे जराशी उचलली की सगळं भोक मोकळं व्हायचं. एका मित्राच्या लेथवर लांब निमुळत्या टोकाची नवी सुई करून घेतली. दिसायला क्षुल्लक बदल, पण आता बोटाच्या हालचालीत आणि गाडीच्या वेगात काहीतरी नातं आहे.

काहींनी सुचवलं की रिमोट आणि सर्व्हो बसवा, फिरत्या गाडीवर रेग्युलेटर हाताळता येईल. तांत्रिकदृष्ट्या उत्तम सल्ला, आणि ज्यांच्या मार्गावर चढउतार जास्त आहेत त्यांनी तो घ्यावाच. काका म्हणाले, "रिमोटने चालवायची तर वाफ कशाला?" विषय संपला.

बाहेर पडणारी वाफ आणि मागचं ओझं

एवढं झाल्यावर डब्यांसह फेरी मिनिटभराच्या पुढे गेली. पण वाऱ्याची झुळूक आली, वळण आलं की वेग अजून हलत होता. आता गरज होती ती वेग वाढला की आपोआप विरोध वाढेल अशा कशाची तरी.

धुराड्याकडे जाणाऱ्या एक्झॉस्ट नळीत पितळेचं छोटं बुश बसवलं, दीड मिलिमीटर भोकाचं. बारीक भोकातून वाफ जाताना मागे दाब साठतो, आणि तो साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. इंजिन हळू असताना भोक असल्याचं जाणवतही नाही; वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. सुटताना ताकद पूर्ण मिळते, पळताना पाय धरले जातात. गॅसच्या इंजिनाला धुराड्याच्या ओढीवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही म्हणून हे चालतं. जिथे बाहेर पडणारी वाफच आगीला ओढ देते, त्या इंजिनात हा खेळ करू नये. भोक याहून बारीकही नको. सुरुवातीचं पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही.

भकभकीचा आवाज यामुळे थोडा तीक्ष्ण झाला. काकांना तो आवडला, मला नाही.

वाघिणींमध्ये शिसं भरलं. इंजिन दोन किलो, वाघिणी मिळून तीन. शेवटी गार्डचा डबा, त्यात काकांची खरी हौस: फ्लायव्हील. इंजिनाच्याच चाकांना गिअरने जोडायची तयार फ्लायव्हील यंत्रणाही ब्रिटनमध्ये या छंदासाठी विकली जाते, पण या इंजिनाच्या चौकटीत तेवढी जागा नव्हती. डब्यात आपल्या मनासारखं करता येतं. चाळीस मिलिमीटर व्यासाची, बारा मिलिमीटर जाड पितळी चकती, वजन 128 ग्रॅम. डब्याची चाकं 24 मिलिमीटरची. चाकाच्या एका फेरीला चकतीच्या सहा फेऱ्या होतील असे गिअर लावले. हिशोबाने ही चकती गाडीला सव्वासहा किलोंहून जास्त वजनासारखी भासते, प्रत्यक्षात मात्र रुळावर तेवढा भार पडत नाही. गिअरचं प्रमाण वर्गाने लागू होतं: सहाऐवजी दहा केलं की तीच चकती अठरा किलोंसारखी वागते. काकांना दहाच हवे होते. एक किलोच्या डब्याची चाकं तेवढं ओझं पकडू शकत नाहीत, इंजिन झटक्यात थांबलं की घसरतात, म्हणून सहावर तडजोड झाली.

परिणाम लगेच दिसला, तोही सुटताना. आधी पहिल्या अर्ध्या मीटरात गाडी पूर्ण वेग पकडायची. आता साखळ्या एकेक करून ताणल्या जातात, शेवटचा डबा कुरकुरत निघतो आणि वेग चढायला दोनेक मीटर लागतात. रेग्युलेटर बंद केल्यावर गाडी फलाटाशी हळूहळू विरत थांबते. खऱ्या गाडीच्या प्रमाणात हे जडत्व अजूनही कितीतरी कमी आहे, पण डोळ्यांना पटतं.

नुसत्या फ्लायव्हीलने हे इंजिन सुधारलं असतं का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. नाही. सुटायला 20 आणि चालायला 8 लागणाऱ्या इंजिनामागे फ्लायव्हील लावलं असतं तर ते तितकंच पळालं असतं, फक्त थोड्या वेळाने. आणि वळणावर उडताना जास्त जोराने आपटलं असतं.

आजची स्थिती

गाडीसह एक फेरी पावणेदोन ते दोन मिनिटांत होते. बॉयलरचं एक भरण आणि गॅसची एक टाकी यांवर आधीपेक्षा बराच जास्त वेळ गाडी चालते, कारण वाफ पळण्यात उधळली जात नाही. एकटं इंजिन, डबे न जोडता, अजूनही फाजील आहे. काका ते एकटं सोडतच नाहीत.

एक नवी कटकट मात्र उभी राहिली. मंद चालीत लुब्रिकेटरमधलं (वाफेत तेल सोडणाऱ्या डबीतलं) तेल दर मीटरमागे जास्त खर्च होतं, ते धुराड्यातून उडून रुळांवर पडतं आणि चाकं घसरतात. बागेच्या मागच्या बाजूला, जिथे जमीन खचून मार्गाला ऐंशीस एक असा चढ आला आहे, तिथे गाडी कधीकधी जागच्या जागी भकभकते. आधी इतक्या वेगात ती तिथून जायची की चढ आहे हेच कुणाला कळलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, स्लीपरखाली खडी भरून समतल करून घेऊ." काकांना ते मंजूर नाही, चढ हवाच म्हणतात. सध्या ते फेरीआधी तेवढ्या तुकड्यावरून स्पिरिटचा बोळा फिरवतात, आग पेटवण्याच्या बऱ्याच आधी, आणि लुब्रिकेटरचं भोक बारीक करायचं काम माझ्याकडे आहे.